पेस्ट लावताना भोवळ आली : ऊन, दारू की औषध?



फळछाटणी सुरू झाली की दिंडोरी तालुक्यात, मोहाडी-खेडगावपासून वणीपर्यंत, पेस्ट लावण्याची एकच घाई उडते. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत काडीवरील डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड, म्हणजे आपण ज्याला डॉर्मेक्स म्हणतो ते, लावावे लागते. पेठ-सुरगाण्याकडून आलेली टोळी उद्या दुसऱ्याच्या बागेत जायची असते. अशातच एखादा मजूर तोंड लालबुंद होऊन, छाती धडधडते म्हणत बांधावर बसतो. मुकादम म्हणतो, रात्री जास्त झाली असेल. मालक म्हणतात, उपाशीपोटी आला असेल. बरोबरची बाई म्हणते, ऊन लागले. यात खोटे कोणीच बोलत नाही. ज्याच्या त्याच्या अनुभवात जे कारण आधीपासून असते, तेच प्रथम तोंडी येते.

मुकादमाचे म्हणणे तर अर्धे खरेही असू शकते. दारूचे शरीरात पचन होताना ॲसिटाल्डिहाइड नावाचा त्रासदायक पदार्थ तयार होतो. एरवी शरीर तो लवकर मोडून टाकते. हायड्रोजन सायनामाइड हे काम करणाऱ्या विकरालाच अडवते. मग थोड्याशा दारूनेही चेहरा लाल होणे, धाप लागणे, ओकारी येणे, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो. 'प्यायलेला आहे' असे म्हटले की मात्र पुढची चौकशी थांबते आणि माणूस पुन्हा बादलीजवळ जातो. दारू न पिणाऱ्यालाही हे औषध निर्धोक नाही. त्याने कातडी भाजते व डोळ्यांना गंभीर इजा होते. द्राक्ष पिकवणाऱ्या इटलीत 2001 साली या औषधामुळे माणसे आजारी पडल्याची नोंद झाली आहे.

खरी अडचण अशी की, माहिती एका जागी नसते. लेबल असलेला डबा मालकाच्या शेडमध्ये, मजुराच्या हाती नुसती बादली व स्पंज. काल दुसऱ्या बागेत कोणाला मळमळले हे मुकादमाला ठाऊक, तर डॉक्टरांपुढे रुग्ण संध्याकाळी, आंघोळ करून येतो. एकेकटा रुग्ण पाहिला की तो त्याचा वैयक्तिक त्रास वाटतो. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले व शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तेथील औषधे वेगळी होती, पण घाम, मळमळ, डोकेदुखी ही सुरुवातीची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच असतात. म्हणून काम चालू असताना शंका आली तर ती विषबाधाच समजून चालावे. ऊन निघाले तर अर्धा तास गेला, एवढेच.

आता मजुराच्या बाजूने पाहा. काम उक्ते असले तर एक जण बसला की साऱ्या टोळीचे नुकसान होते. त्यामुळे त्रास झाला तरी तो बोलत नाही. यासाठी सकाळीच, सर्वांसमक्ष, मालकाने सांगावे की कोणालाही बरे वाटेनासे झाले तर काम थांबेल आणि त्याची मजुरी कापली जाणार नाही. हे आधी ठरले नसेल तर ऐनवेळी कोणी तोंड उघडत नाही, असा आमचा अनुभव आहे. त्याच वेळी लेबल मोठ्याने वाचून दाखवावे. आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारू वर्ज्य, हेही सांगावे. खोकल्याच्या काही औषधांत व आसव-अरिष्टांतही अल्कोहोल असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रबरी हातमोजे, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे मालकाने पुरवावेत. फाटका मोजा वापरू देऊ नये, कारण औषध आत साचून कातडीला लागून राहते.

त्रास झालाच तर कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले असल्यास डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे. 108 ला फोन करून रुग्णाला ग्रामीण रुग्णालयात न्यावे, एकटे पाठवू नये. लेबलासह डबा बरोबर न्यावा. नाव सायनाइडसारखे ऐकू येते, पण हे सायनाइड नव्हे व त्यावरील उपचार येथे लागू पडत नाहीत. तोंडी नाव सांगण्यात घोटाळा होतो. रुग्णाने दारू केव्हा घेतली होती तेही डॉक्टरांना न लाजता सांगावे. आणि त्याच दिवशी टोळीतील इतरांनाही विचारावे. बऱ्याचदा दुसरा एक जण सकाळपासून गप्प बसलेला असतो.