पोरं बदलली की बिघडली?

गटाचा हिशेब मिटला की बोलणं हमखास पोरांवर येतं. केस असे का कापले? मोबाईलवर वेगळंच नाव का लावलं? घरात एक आणि कॉलेजात एक, असं का? समाजशास्त्राच्या अभ्यासकांनाही हेच प्रश्न पडले होते. त्यांना काय उमगलं, ते आज बघू.

१९६४ साली इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या गावांत तरुणांच्या दोन गटांत हाणामाऱ्या झाल्या. मॉड म्हणजे नेटके सूट घालून स्कूटरवर फिरणारे, रॉकर म्हणजे चामडी जाकिटं घालून मोटारसायकली पळवणारे. वर्तमानपत्रांनी राईचा पर्वत केला. स्टॅनली कोहेन यांनी १९७२ च्या पुस्तकात दाखवलं, की झालेल्या प्रकारापेक्षा भीतीच कितीतरी मोठी होती. नुसता पोशाख बघून पोरं गुंड ठरत होती.

पुढे पंक आले. आपण बांगडीत अडकवतो ती साधी सेफ्टी पिन त्यांनी कानात आणि जाकिटावर मिरवली. डिक हेब्डिज यांनी १९७९ मध्ये लिहिलं, की रोजच्या वस्तूला नवा अर्थ देऊन ही मुलं रूढ चालीरीतींना नकार देत होती.

नंतरचा उत्तर-आधुनिक विचार आणखी पुढे गेला. पूर्वी गाव, जात, बापाचा धंदा यांवरून माणूस कोण ते ठरायचं. आता ओळख तयार मिळत नाही, ती घडवावी लागते. फ्रान्सचे मिशेल माफेसोली यांनी १९८८ मध्ये मांडलं, की आवड जुळली की माणसं जमतात, आणि एकच जण अशा अनेक टोळ्यांत ये-जा करतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ओळख म्हणजे गोधडी. एक तुकडा आजीच्या लुगड्याचा, एक कॉलेजचा, एक मोबाईलवरचा. एक खरा आणि बाकीचे खोटे, असं नसतं.

पण तुकडे निवडायची मोकळीक सगळ्यांना सारखी नसते, ही या विचारावरची टीकाही ध्यानात ठेवू. पैसा, जात, बाईपण आड येतं. भावाने केस रंगवले तर आपण हसतो. बहिणीने रंगवले तर तिचा मोबाईल काढून घेतो, कधी कॉलेज बंद करून स्थळं बघतो. बदल दोघांचा सारखाच, शिक्षा मात्र एकीलाच.

काळजी करूच नका, असं मी म्हणत नाही. पोर जेवेनासं झालं, फोन वाजला की दचकू लागलं, कुणी फोटोवरून धमकावतंय असं वाटलं, तर लगेच लक्ष घाला. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा फोन फुकट आहे. केसांचं, नावाचं मात्र आधी विचारा, "हे तुला का आवडलं?" आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या. सांगितलं तर मोबाईल जाईल, कॉलेज सुटेल, हे जिला ठाऊक असतं, ती खरं संकट आलं तरी आईला सांगत नाही.

पुढच्या भागात भेटू.