मोटारगाडीच्या बाह्य प्लॅस्टिक भागांचे पुनर्लेपन

मोटारगाडीचे बंपर, चाकांवरील कमानींच्या कडा, दारांवरील पट्ट्या, आरशांची आवरणे इ. प्लॅस्टिक भाग ऊन, पाऊस व घर्षण यांमुळे निस्तेज झाल्यावर त्यांचा पृष्ठभाग स्वच्छ व खरबरीत करून त्यावर नवा रंगलेप चढविण्याच्या क्रियेस पुनर्लेपन म्हणतात. १९७२ साली फ्रान्समध्ये विक्रीस आलेल्या रेनॉ ५ या गाडीला काचतंतूंनी प्रबलित केलेल्या पॉलिएस्टराचे बंपर होते. पुढे क्रोमियमाचा मुलामा दिलेले पोलादी बंपर मागे पडत गेले. हल्लीचे बहुतेक बंपर पॉलिप्रोपिलीन व ईपीडीएम रबर यांच्या मिश्रणाचे असून ताठरपणासाठी त्यात संगजिऱ्याची पूड घालतात. आरशांची आवरणे व पुढील जाळी बहुधा एबीएस प्लॅस्टिकाची असते.

काम करण्यापूर्वी प्लॅस्टिक ओळखणे आवश्यक असते. भागाच्या आतील बाजूस त्याचे संक्षिप्त नाव सामान्यतः उठविलेले असते. ते न आढळल्यास आतील कडेचा लहानसा कपचा पाण्यात टाकतात. पॉलिप्रोपिलीन (वि. गु. सु. ०·९) तरंगते, तर एबीएस (वि. गु. सु. १·०५) बुडते. मात्र संगजिरे अधिक असलेले पॉलिप्रोपिलीनही बुडू शकते. त्यामुळे ही कसोटी निर्णायक नाही.

न रंगविलेले काळे भाग उन्हाने करडे पडतात. जंबुपार किरण व ऑक्सिजन यांच्यामुळे पॉलिप्रोपिलिनाच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, पृष्ठावर सूक्ष्म भेगा पडतात, संगजिऱ्याचे कण उघडे होतात आणि प्रकाश विखुरला जाऊन काळेपणा फिका भासतो. बाजारातील सिलिकोन तेले या भेगा भरून काढतात, पण धुण्याने ती निघून जातात. गरम हवेच्या झोताने पृष्ठभाग मऊ करून काळेपणा परत आणण्याची युक्तीही प्रचारात आहे. तिने मूळचा दाणेदार पोत बिघडतो आणि खराब झालेला थर जागीच राहतो. शिवाय पूर्वी सिलिकोन लावलेला भाग पुढे रंगविताना अतिशय त्रास देतो, कारण त्याच्या अंशमात्रानेही रंगात खळगे पडतात.

खरी अडचण आसंजनाची आहे. पॉलिप्रोपिलिनाची पृष्ठऊर्जा सु. ३० डाइन/सेंमी. इतकी कमी असते व त्याच्या रेणूंत ध्रुवीय गट नसतात. त्यामुळे रंग त्यावर नीट पसरत वा चिकटत नाही. कारखान्यात ज्योत फिरवून पृष्ठावर ऑक्सिजनयुक्त गट निर्माण करतात. दुरुस्तीच्या कार्यशाळेत क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिनाचा अगदी पातळ अस्तरलेप देतात. तो जाड दिल्यास उलट कमकुवत ठरतो.

प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन नंतर आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने पुसतात व मगच पॉलिश कागद वापरतात. क्रम उलटा झाल्यास मेण व सिलिकोन ओरखड्यांत दाबले जातात. जाड कागदाने पॉलिप्रोपिलिनावर तंतू उठतात, म्हणून ४०० ते ६०० क्रमांकाचा कागद ओला करून वापरतात. धातूवर पाण्याचा अखंड पापुद्रा राहिला, की तो स्वच्छ झाला असे मानतात. स्वच्छ पॉलिप्रोपिलिनावरही मात्र पाण्याचे थेंबच होतात, त्यामुळे ही परीक्षा येथे फसवी ठरते. तीव्र विद्रावकांनी एबीएसला तडे जातात.

बंपर वाकतो, पण कडक रंगलेप वाकत नाही. लेपातील तडा खालच्या प्लॅस्टिकातही शिरू शकतो. यासाठी लवचिकता आणणारे द्रव्य मिसळलेले द्विघटकी पॉलियुरेथेन वापरतात. त्यातील आयसोसायनेट आर्द्रतेशी विक्रिया करून कार्बन डाय-ऑक्साइड सोडते व लेपात बुडबुडे येतात. कोकणातील पावसाळ्यात याची विशेष दक्षता घ्यावी लागते. आयसोसायनेटाच्या फवाऱ्याने कामगारास दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले, की अल्प संपर्कही घातक ठरतो. तोंडावर बांधलेला रुमाल अगदी निरुपयोगी असून बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटाच वापरणे इष्ट असते.