उपजत मृत्यू, पुढचे गर्भारपण आणि कॅमेरा

बालरोगतज्ज्ञाने उपजत मृत्यूविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. जे मूल रडलेच नाही ते आमचे रुग्ण ठरत नाही. प्रसूतिगृहात आम्हाला बोलावले जाते ते बाळाचा श्वास सुरू करून देण्यासाठी. सर्व प्रयत्नांनंतरही हृदयाचा ठोका लागला नाही, तर कागदावर वेळ लिहिली जाते आणि पुढचे सारे स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचारिका व नातेवाईक यांच्या वाट्याला येते. मात्र दीड-दोन वर्षांनी तीच आई पुढचे मूल घेऊन आमच्याच दवाखान्यात येते. केसपेपर लिहिताना मी विचारतो, "पहिलंच ना?" आई सासूबाईंकडे पाहते. सासूबाई सांगतात, "हो डॉक्टरसाहेब, पहिलंच." प्रसूतीपूर्वीच्या कागदावर मात्र स्पष्ट लिहिलेले असते : जी-टू, पी-वन, एल-झीरो. म्हणजे गर्भधारणा दुसरी, प्रसूती एक झालेली, जिवंत अपत्य शून्य.

आपला कायदा या बाबतीत आपल्या घरांपेक्षा अधिक मोकळा आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात 'जन्म' या शब्दाच्या व्याख्येतच मृतजन्माचा समावेश आहे. त्याची नोंद जन्म म्हणून होते, मृत्यू म्हणून नाही. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी अठ्ठावीस आठवडे वा त्यानंतर मृत जन्मलेले मूल या गणतीत धरतात. संयुक्त राष्ट्रांच्या ऑक्टोबर २०२० च्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे एकोणीस लाख उपजत मृत्यू झाले. त्यांत भारताचा वाटा सुमारे तीन लाख चाळीस हजार, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा अधिक होता. यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यू प्रत्यक्ष प्रसववेदना सुरू झाल्यानंतरचे असतात. २०१४ च्या भारतीय नवजात कृती आराखड्याने २०३० पर्यंत हा दर एक आकडी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते लेबर रूममधले काम आहे आणि आपण ते करीत आहोत. इथे मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या मौनाविषयी, आणि ते मोडण्यासाठी काही देशांत चित्रपटाचे माध्यम कसे वापरले गेले त्याविषयी.

हे मौन केवळ घरातले नाही. लंडनचे मनोविश्लेषक स्टॅनफर्ड बोर्न यांनी १९६८ साली कुटुंबवैद्यांना प्रश्नावली पाठवून एक पाहणी केली. ज्यांच्या रुग्णाला मृत मूल झाले होते, ते डॉक्टर त्या स्त्रीविषयी फारसे जाणून घेत नव्हते, त्यांच्या फारसे लक्षात येत नव्हते आणि आठवतही नव्हते. पुढे इमॅन्युएल लुइस यांनी १९७६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की या दुःखाला आठवणच नसते, म्हणून ते पकडीत येत नाही. आईबापांनी बाळ पाहावे, हाताळावे, त्याला नाव द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. कॅमेऱ्याचे या विषयाशी नाते इथून सुरू होते. ज्याचा एकही फोटो नाही, त्याचा शोक कशाच्या आधाराने करायचा?

ऑस्ट्रेलियातील व्हॅनेसा गॉर्मन या मुळातच दूरचित्रवाणीवर काम करणाऱ्या. आपल्या गर्भारपणाचे चित्रण त्या स्वतःच करीत होत्या. मूल जन्मानंतर काही तासांतच गेले. आनंदाच्या नोंदी म्हणून जे टिपले होते, त्याचाच 'लूझिंग लायला' हा माहितीपट २००१ मध्ये प्रसारित झाला. इंग्लंडच्या डेबी हॉवर्ड यांनी उलट्या वाटेने प्रवास केला. आधी 'पीकाबू' हा कथा सांगणारा लघुपट, आणि त्यानंतर खऱ्या कुटुंबांना घेऊन 'स्टिल लव्हड्' हा पूर्ण लांबीचा माहितीपट. यात वडिलांना दिलेली जागा मला विशेष वाटते. आपल्याकडे बापाच्या हाती कापडात गुंडाळलेली पुरचुंडी देऊन दफनाला पाठवतात आणि परतल्यावर त्याला विचारतात, "तिची तब्येत कशी आहे?"

पुढच्या गर्भारपणाविषयी सर्वांत थेट बोलणारा चित्रपट म्हणजे अमेरिकन दिग्दर्शक शॉन हॅनिश यांचा 'रिटर्न टू झीरो'. १७ मे २०१४ रोजी तो 'लाइफटाइम' वाहिनीवर दाखवला गेला. दिग्दर्शकाने स्वतःचे मूल असेच गमावले होते. कथेतील जोडपे विलग होण्याच्या बेतात असतानाच पुन्हा दिवस राहिल्याचे कळते, आणि ही बातमी आनंदाची न राहता धास्तीची होते. नायिकेची भूमिका करणाऱ्या मिनी ड्रायव्हर यांना त्यासाठी एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. २०२० चा 'पीसेस ऑफ अ वुमन' अधिक गाजला, पण त्यातले बाळ जन्मून काही क्षणांनी जाते. तो नवजात मृत्यू होय, उपजत नव्हे. आम्हा डॉक्टरांना असे फरक करण्याची खोडच असते. आईच्या दृष्टीने तो कितपत महत्त्वाचा, हा प्रश्न निराळा.

आता थोडे सावधगिरीचे. बाळ पाहावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर चित्रपट जितक्या ठामपणे देतात तितके शास्त्र देत नाही. २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पॅट्रिशिया ह्यूज व सहकाऱ्यांनी असे नोंदवले, की मृत बाळाला कुशीत घेतलेल्या स्त्रियांमध्ये पुढच्या गर्भारपणात नैराश्य अधिक आढळले. अभ्यास लहान होता, तरी त्याचा परिणाम मोठा झाला. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००७ मध्ये सरसकट असे प्रोत्साहन देऊ नये म्हटले. पुढे पालकांच्या संघटनांचा विरोध झाला, आणि २०१४ मध्ये मार्गदर्शन बदलून जाणकार व्यक्तीने आईबापांशी सर्व पर्यायांची चर्चा करावी, असे ठरले. म्हणून चित्रपटात बाळाला छातीशी धरणारी एक आई असेल, तर 'मला नाही पाहायचं' म्हणणारी दुसरीही हवी, आणि दुसरीला दोषी ठरवणारे पार्श्वसंगीत नको.

पुढच्या गर्भारपणाबाबत मात्र सांगण्यासारखे निश्चित काही आहे. एकदा उपजत मृत्यू झालेल्या स्त्रीला पुन्हा तसा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, पण बहुसंख्य स्त्रियांना पुढे जिवंत मूल होते. 'किती दिवस थांबायचे' या प्रश्नावर २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया, फिनलंड व नॉर्वे येथील नोंदींवरून असे दिसले, की वर्षाच्या आत गर्भ राहिल्याने धोका वाढत नाही. आपल्याकडील आईचे पोषण, रक्तक्षय, मागील सिझेरियन यांचा विचार वेगळा करावाच लागेल. पण 'लवकर दुसरं होऊ दे, म्हणजे विसरशील' हा घरोघरीचा सल्ला यातून सिद्ध होत नाही. विसरण्यासाठी आणलेल्या मुलाचे पुढे काय होते, ते आम्ही पाहतो. ग्रीन आणि सोल्निट यांनी १९६४ मध्ये मरणाच्या दारातून परतलेल्या मुलांविषयी लिहिताना 'व्हल्नरेबल चाइल्ड' ही संकल्पना मांडली. ती पुढे अशा धाकट्या भावंडांनाही लागू पडू लागली. शिंक आली की दवाखाना, रात्री तीनदा उठून श्वास तपासणे, चौथ्या वर्षीही स्वतःच्या हाताने जेवू न देणे. या मुलाला आजार काही नसतो. आधीच्या मुलाविषयी एक वाक्य विचारले, तर तपासणी पाच मिनिटांनी लांबते आणि औषधाची चिठ्ठी बहुधा लागत नाही.

आपल्या मंडळात या विषयावर वीसएक मिनिटांचा मराठी अनुबोधपट करावा असा विचार पुढे आला आहे, आणि दोन माता बोलण्यास तयार आहेत. माझा कल मात्र कथापटाकडे आहे. इंदूर आता कितीही पसरले, तरी आपल्या मराठी समाजात कोण कोणाची सून हे चार घरांत लगेच कळते. चेहरा झाकला तरी आवाज ओळखू येतो. शिवाय आज घरात खेळणारे धाकटे मूल उद्या दहावीत जाईल, आणि त्याची संमती आज कोणी घेऊ शकत नाही. मातांचे अनुभव ध्वनिमुद्रित करावेत, त्यांवरून संहिता रचावी आणि अभिनेत्रीकडून ती साकारावी. संमती आईची स्वतःची हवी, नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही तिच्या जागी चालणार नाही. अंतिम संकलन होईपर्यंत माघार घेण्याची मुभाही हवी.

संहितेत दोन गोष्टी असाव्यात असे वाटते. सोनोग्राफीच्या खोलीतली शांतता सर्वच चित्रपटकारांना सुचते. तिसऱ्या दिवशी दूध उतरते, ते फार थोड्यांना सुचते. बाळ नाही हे शरीराला कळलेले नसते आणि शेजारच्या खाटेवर दुसऱ्याचे मूल रडत असते. दुसरे म्हणजे, बाळाची हालचाल कमी वाटल्यास ताबडतोब रुग्णालयात यावे, हा प्रतिबंधाचा संदेश अत्यंत महत्त्वाचा असला तरी तो या चित्रपटात नको. ज्या आईने मूल गमावले आहे तिला त्यातून एवढेच ऐकू येईल, की आपण वेळेवर आलो नाही. त्यासाठी वेगळी पाच मिनिटांची फीत करावी आणि ती गर्भवतींच्या ओपीडीबाहेर खुशाल लावावी. हा चित्रपट मात्र तिथल्या टीव्हीवर लावण्याचा नव्हे. तो आधी परिचारिका व निवासी डॉक्टरांना दाखवावा, मग समुपदेशक हजर असताना मागणाऱ्या जोडप्यांना, आणि जमल्यास त्यांच्या सासूबाईंना.