‘आजार गेला’ आणि ‘त्रास ओसरला’ यांतला फरक

बँकेचं पासबुक वाचायला आपण गटात शिकलो. दवाखान्याची फाइल मात्र अजून पिशवीतच राहते. आज आम्ही तिच्यातल्या एका आजाराचे शब्द सांगणार आहोत. आजार आहे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. हा बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. तो संसर्गाने पसरत नाही.

पहिला शब्द मायलिन. मोटारीच्या वायरीवर प्लास्टिक असतं ना, तसं आपल्या नसांवरचं आवरण म्हणजे मायलिन. शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून या आवरणावरच हल्ला करते. मग मेंदूचा निरोप नीट पोहोचत नाही. एका डोळ्याने अंधुक दिसतं, हातपाय बधिर होतात, तोल जातो, लघवी आवरत नाही, खूप थकवा येतो. प्रत्येकीला हे सगळंच होतं असं नाही.

दुसरा शब्द लीजन. आवरण खराब झालेल्या जागी पडलेला व्रण. एमआरआयच्या फोटोत तो डागासारखा दिसतो. एमएसमधला लीजन म्हणजे कॅन्सरची गाठ नव्हे.

तिसरा शब्द रिलॅप्स. नवा त्रास सुरू होणं किंवा जुना उलटणं, आणि तो निदान २४ तास टिकणं. ताप असताना किंवा उन्हातान्हात जुना त्रास तात्पुरता वाढू शकतो. तो रिलॅप्स आहे का, हे डॉक्टरच ठरवतील.

चौथा शब्द रेमिशन, म्हणजे त्रास ओसरण्याचा काळ. इथेच घोटाळा होतो. घरचे म्हणतात, “काल तर धुणं धूत होती, आज नाटक करते.” आणि तिलाही वाटतं, बरी झाले, आता गोळ्या कशाला? पण त्रास ओसरला म्हणजे आजार गेला असं नाही. तो मुळापासून जात नाही, पण औषधांनी रिलॅप्स कमी करता येतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका.

काय झालं, कधी झालं, किती दिवस टिकलं, हे तारखेसह वहीत लिहा. ती वही न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्राबद्दल सरकारी दवाखान्यात जरूर विचारा.

गटातली एखादी बाई आज चालते आणि उद्या अडखळते, तर तिला नावं ठेवू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.