शिडाच्या बोटीचा अडलेला कणा

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आले. अशा मुलखातल्या माणसाने शिडाच्या बोटीवर लेख लिहावा, याचे कोणाला हसू येईल. येऊ द्या. आमच्या नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. आणि इकडची जी मुले खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जातात, त्यांना तिथल्या पीकॉक बेच्या पाण्यावर शीड हाताळायला शिकवतात.

नदीतल्या होडीचा तळ सपाट. ती वल्ह्यावर चालते; कण्यावाचून तिचे काही अडत नाही. शीड उभारले की मात्र बाजूचा वारा बोटीला आडवी सरकवू लागतो. त्याला पाण्याखालून थोपवतो तो कणा. कोकणातले नावा बांधणारे सुतार त्याला ‘पठाण’ म्हणतात. पेशावरशी संबंध जोडू नये! मोठ्या नावेत तो कायमचा जडवलेला असतो. उथळ पाण्यातल्या लहान बोटीत त्याच्या जागी एक फळी असते. ती उभ्या पेटीतून खाली सोडतात आणि किनारा आला की वर घेतात. जॉन शँक या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १७७४ साली बोस्टनला अशा सरकत्या कण्याची बोट बांधली होती.

या पेटीची फट ती केवढी! बोट काठाला टेकली की वाळू, खडे आत शिरतात; लाकूड पाणी पिऊन फुगते; फळी लोखंडी असली तर गंज धरतो. मग फळी हटून बसते. वरच अडली तर बिघडले कुठे, असे वाटेल. ते बोट उलटल्यावर कळते. आडव्या पडलेल्या बोटीच्या याच फळीवर चढून, अंगाचा भार देऊन तिला उभी करायची असते. फळी पेटीतच राहिली, तर पाण्यातल्या माणसाला पाय द्यायला जागा नाही.

फळी अडली की हात आधी हातोडीकडे जातो. तो आवरावा. पेटी तळाला जोडलेली असते. तो सांधा उकलला की बोट गळू लागते. बोट काठावर ओढून जुन्या टायरांवर कलंडवावी आणि खालच्या फटीतून पातळ पट्टीने वाळू उकरावी. फुगलेले लाकूड सावलीतच सुकू द्यावे, उन्हात ते तडकते. गंजावर तेल सोडून रात्रभर थांबावे. फळीला आधी दोर बांधावा, कारण सुटते तेव्हा ती एकदम सुटते. फटीत बोट घालू नये. हाताचे म्हणतो मी. सुटलेली फळी काठावरच पाचसहा वेळा वरखाली करून पाहावी, मगच पाण्याकडे वळावे.