ड्राइव्हवे करताय? आधी पाण्याची वाट ठरवा

आजचा विषय आहे घरासमोरचा काँक्रीटचा ड्राइव्हवे. मार्च सरला, जरा ऊन पडायला लागलं, की इकडे इंग्लंडमध्ये दारावर टकटक सुरू होते. "शेजारच्या गल्लीत काम चाललंय, थोडा माल उरलाय, आजच हो म्हणालात तर निम्म्या पैशात करून देतो." ऐकायला गोड वाटतं. पण मिक्सर ट्रकमधलं काँक्रीट साधारण दोन तासांत वापरावं लागतं. उरलेलं काँक्रीट घेऊन कुणी दारोदार फिरत नाही. आणि असा माणूस एका प्रश्नाचं उत्तर कधीच देत नाही: पावसाचं पाणी कुठे जाणार? काउन्सिलचे बहुतेक नियम याच प्रश्नाभोवती फिरतात.

यामागचं कारण समजून घेऊ. २००७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मोठे पूर आले. त्यातली पुष्कळ घरं नदीच्या पाण्याने नव्हे, तर रस्त्यांवर आणि गटारांत न मावलेल्या पावसाने बुडाली. घरापुढच्या बागा उखडून तिथे काँक्रीट ओतलं की जमिनीत मुरणारं पाणी रस्त्यावर धावतं. एक साधा हिशेब करा. ड्राइव्हवे ३० चौरस मीटरचा आणि पाऊस २५ मिलिमीटर पडला, तर ७५० लिटर पाणी झालं. गल्लीतल्या वीस घरांनी तसंच केलं, तर १५,००० लिटर. हे पाणी गल्लीच्या खालच्या टोकाला राहणाऱ्याच्या दारात जातं.

म्हणून १ ऑक्टोबर २००८ पासून इंग्लंडमध्ये नियम बदलला. घराच्या पुढच्या बाजूला, म्हणजे घर आणि रस्ता यांच्यामध्ये, ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पक्की करायची असेल, तर दोनपैकी एक गोष्ट हवी. एक तर पृष्ठभाग पाणी झिरपू देणारा हवा, नाही तर पाणी तुमच्याच हद्दीतल्या मातीत, हिरवळीत किंवा फुलांच्या वाफ्यात वळवलेलं हवं. दोन्ही नसेल तर प्लॅनिंग परमिशन घ्यावी लागते. एका गाडीची जागाच साडेअकरा चौरस मीटरच्या आसपास होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ड्राइव्हवे या नियमात येतो. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, तिथल्या श्रोत्यांनी आपापल्या काउन्सिलकडे विचारावं. फ्लॅटना आणि काही संरक्षित भागांत ही सवलत लागू होत नाही, आणि लिस्टेड इमारतींना वेगळी परवानगी लागू शकते. नव्या वसाहतींत घराच्या कागदपत्रांतच वेगळ्या अटी असतात, त्याही वाचा.

साधं काँक्रीट पाणी झिरपू देत नाही, मग ते चालतच नाही का? चालतं, पण उतार ठरवून. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उतार वाफ्याकडे द्यायचा. दुसरा उपाय, फक्त चाकांखाली काँक्रीटच्या दोन पट्ट्या घालायच्या आणि मधे खडी किंवा गवत ठेवायचं. तिसरा, टोकाला जाळीची पन्हळ बसवून पाणी शोषखड्ड्यात सोडायचं. गावाकडे ग्रामपंचायतीच्या योजनेतून सांडपाण्यासाठी खणतात, तोच शोषखड्डा. इथे तो घरापासून निदान ५ मीटर दूर हवा. लंडनसारख्या चिकणमातीच्या भागात पाणी फार सावकाश मुरतं, म्हणून आधी खड्डा खणून, पाणी भरून, किती वेळात उतरतं ते बघून घ्या. ती पन्हळ घरच्या सांडपाण्याच्या पाइपला जोडली की काम भागलं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता दुसरी परवानगी. पुष्कळ लोक ही पहिलीतच धरतात, पण ती स्वतंत्र आहे. तुमच्या हद्दीबाहेरचा फूटपाथ तुमचा नाही. त्यावरून गाडी न्यायची तर फूटपाथची कड उतरवून घ्यावी लागते, त्याला ड्रॉप्ड कर्ब म्हणतात. त्याचा अर्ज रस्ते सांभाळणाऱ्या विभागाकडे जातो. काही भागांत प्लॅनिंग डिस्ट्रिक्ट काउन्सिलकडे आणि रस्ते काउंटीकडे असतात, तर लंडनमध्ये एकाच बरोच्या दोन विभागांत. तुमचा रस्ता ए, बी किंवा सी वर्गातला असेल, तर या वाटेसाठी प्लॅनिंग परमिशनही लागते. गाडीचं नाक फूटपाथवर येऊ नये म्हणून अनेक काउन्सिलं सुमारे ५ मीटर खोली मागतात. समोर झाड किंवा दिव्याचा खांब असेल तर नकारही मिळू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कर्बची मंजुरी, मग काँक्रीट. उलटं केलंत तर सुंदर ड्राइव्हवे होईल आणि गाडी रस्त्यावरच राहील.

"कोण बघतंय?" असं म्हणणारे आपल्यातही आहेत. पण २५ एप्रिल २०२४ पासून पूर्ण झालेल्या कामांवर इंग्लंडमध्ये काउन्सिल १० वर्षांपर्यंत कारवाई करू शकतं. घर विकताना समोरचा सॉलिसिटर परवानगीचे कागद मागतो, आणि नेमका तिथे सौदा अडकतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडीसाठी १०० मिलिमीटर जाडीचं काँक्रीट आणि त्याखाली दाबून घट्ट केलेल्या खडीचा साधारण १५० मिलिमीटरचा थर हवा. जमीन चिकणमातीची असेल किंवा व्हॅन उभी राहणार असेल, तर दोन्ही जास्त. उतार साठास एक ठेवा, म्हणजे ६ मीटर लांबीला १०० मिलिमीटर. दर तीन-चार मीटरवर सांधा हवा, कारण काँक्रीट आकसतं आणि तडा जाणारच असतो. तो आपण ठरवलेल्या रेषेत जावा, एवढंच आपल्या हातात असतं. इथल्या थंडीसाठी सूक्ष्म हवेचे बुडबुडे असलेलं मिश्रण मागा. आतलं पाणी गोठून फुगलं तर त्याला जागा मिळते.

भिंतीतून ओल वर चढू नये म्हणून विटांच्या थरात एक पट्टी असते, तिला डॅम्प प्रूफ कोर्स म्हणतात. ड्राइव्हवे तिच्या निदान १५० मिलिमीटर खाली राहिला पाहिजे. नाही तर ओल बैठकीच्या खोलीत येते.

आपल्याकडे स्लॅब टाकल्यावर गोणपाट अंथरून सात दिवस पाणी मारतात. इथेही काँक्रीट ओलं ठेवायचंच, फक्त गोणपाटाऐवजी प्लॅस्टिक अंथरतात. तापमान ५ अंशांच्या खाली असेल तर काम पुढे ढकला. गाडी निदान सात दिवस त्यावर आणू नका.

दुरुस्तीचं काय? केसाएवढी चीर असेल तर भरून घ्या, पाणी आत जायचं थांबेल. वरचे पापुद्रे निघत असतील तर गोठणं आणि बर्फावर टाकलेलं मीठ हे कारण असू शकतं. पण एखादा भाग खचला असेल, तर त्याखाली फुटलेला पाइप किंवा झाडाची मुळं आहेत का ते आधी शोधा. कारण तसंच ठेवून वर थर दिला तर पैसे वाया जातील, शिवाय उंची वाढून त्या १५० मिलिमीटरच्या मर्यादेचा भंग होईल. आणि हे विशेष लक्षात ठेवा: पुढच्या बाजूचा ५ चौरस मीटरपेक्षा मोठा तुकडा उखडून नव्याने घातलात, तर पाण्याचा नियम त्यालाही लागू होतो. "जुनं होतंच की" ही सबब चालत नाही.

कोटेशन घ्याल तेव्हा तीन घ्या आणि फक्त शेवटचा आकडा बघू नका. प्रत्येकाकडून लेखी घ्या: खडीचा थर किती, काँक्रीट किती जाड, उतार कुणीकडे, पाणी कुठे, आणि परवानग्या कोण काढणार. माझ्या आयटीच्या कामातही स्वस्त निविदा पुष्कळदा स्वस्त असते ती त्यातून काहीतरी गाळलेलं असतं म्हणून. आणि दारात उभ्या माणसाशी करार झालाच असेल, तर तो साधारणपणे १४ दिवसांत रद्द करता येतो. मात्र तेवढ्यात काम सुरू करा असं लिहून देऊ नका.

पाणी आपलं, ते आपल्याच हद्दीत मुरवायचं. एवढं सांभाळलंत की शेजाऱ्याचं दार कोरडं राहील आणि काउन्सिलचं पत्रही येणार नाही. पुढच्या भागात भेटू. नमस्कार!