दख्खनी की माडग्याळ: लोकरीचा हिशेब

पेरूच्या पठारावर अल्पाका घ्यायला निघालेल्याला आधी दोन जातींतून एक निवडावी लागते. हुआकाया फुगीर, दाट, कुरळ्या लोकरीचा. जगातले बहुतेक अल्पाका हेच. सुरीची लोकर लांब, चकचकीत बटांनी खाली लोंबते. पुढचा सगळा सौदा मायक्रॉनवर. तंतू २० मायक्रॉनच्या आत असेल तर उत्तम भाव. तिशीपुढे गेला की अंगाला टोचतो. पण साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर रमणारा हा प्राणी वेळ नदीकाठच्या तळेगाव ढमढेऱ्यात, चाळिशीच्या उन्हात आणायची हौस कुणी करू नये. शिरूर-दौंडचा लोकरीचा प्राणी म्हणजे मेंढी. तिच्या नव्या मालकापुढेही दोन नावे येतात: दख्खनी आणि माडग्याळ.

दख्खनी इथलीच. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे पोटप्रकार मानतात. अंगाने बेताची, बहुधा काळी, चालायला चिवट. लोकर वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो, तीही दोन कातरणींची मिळून. अल्पाकाच्या मोजपट्टीवर ती सपशेल नापास: तंतू जाडाभरडा, त्यात केस फार, पुष्कळसे तंतू आतून पोकळ. याचा स्वेटर होणार नाही. घोंगडे मात्र होते, आणि तिथे हेच दोष कामाला येतात. जाड तंतू दबत नाहीत, त्यांच्यामध्ये हवा राहते. तंतूचा बाहेरचा थर पाण्याला अडवतो, आतला भाग ओल शोषतो. त्यामुळे दमट घोंगडेही ऊब देते. काळी लोकर रंगवावी लागत नाही. सणगर विणकर ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. कोकराच्या पहिल्या लोकरीचे, जावळाचे घोंगडे सगळ्यांत मऊ.

हे सारे खरे असले तरी बाजार उठला आहे. पॉलिएस्टरच्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगड्याचे गिऱ्हाईक नेले. आज मेंढपाळ कातरणाऱ्याला पदरचे पैसे देतो आणि लोकर कित्येकदा रानात टाकून निघतो. लोकर हे उत्पन्न राहिले नाही, खर्च झाला.

माडग्याळचा भाव वधारला तो इथे. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली ही मेंढी उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची. अंगावर लोकर नावापुरती, म्हणजे कातरणीची कटकट जवळपास नाही. वाढ झपाट्याने, मांसाला मागणी. २०२० साली आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी गाजली होती. असल्या आकड्यांवरून नव्या माणसाने धंद्याचा अंदाज बांधू नये. ती हौशीची आणि नाकाच्या बाकाची किंमत. कसाई नाकाचे वेगळे पैसे देत नाही.

शिवाय आपल्याकडे मेंढी नुसती मांसासाठी राखली जात नाही. पारनेरच्या धवळपुरीपासून फलटण-बारामतीपर्यंतचे धनगर वाडे दसरा-दिवाळीनंतर हलतात, कित्येक कोकणात उतरतात आणि पावसाआधी घाटावर परततात. वाटेत शेतकरी रानात मेंढ्या बसवतो. लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. या कमाईला वजनापेक्षा पाय लागतात, थंडी-वाऱ्यात उघड्यावर रात्र काढणारे अंग लागते. ते दख्खनीचे. तिची लोकर बाजारात पडून असेल, पण मेंढीच्या पाठीवर रोज कामाला येते, हे हिशेबात कुणी धरत नाही.

तिची खरी उणीव वेगळी: एका वेताला बहुधा एकच कोकरू. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हीच बाजू धरली. सुंदरबनातल्या बुटक्या गरोल मेंढीत जुळी देणारे फेक-बी नावाचे जनुक आहे. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या संकरातून दख्खनीत आणून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जुळी वाढली की आईचे दूध आणि खुराक यांचा प्रश्न येतोच. उपाशी मेंढीची जुळी जगत नाहीत.

राज्याची महामेष योजना भटक्या जमाती-क प्रवर्गासाठी आहे. तिच्यात २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. सुरुवातीला तेवढा पुरे. कळप फिरवायचा असेल तर मी दख्खनी घ्यायला सांगेन, जमल्यास नर सुवर्णाचा. शेड बांधून, चारा विकत घेऊन पाळायची असेल तर माडग्याळ. घेताना दात पाहावेत, खुरे उचलून पाहावीत, मेंढीला चार पावले चालवावे. आणि नर घेताना तो जुळ्यातला आहे का, हे विकणाऱ्याला आवर्जून विचारावे.